नवं घर, चार गुंठे आणि मुरूम: बाग कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ, वाघोलीच्या पुढे, चार गुंठ्यांचा पूर्वाभिमुख प्लॉट. बंगला पूर्ण होऊन दिवाळीनंतर तुम्ही राहायला आलात. घराभोवती मुरूम, विटांचे तुकडे आणि ट्रकच्या चाकोऱ्या. बोअरला पाणी आहे पण जड, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो असं शेजारी सांगतात. तुम्हाला लॉन, आंबा, नारळ आणि सोनचाफा हवा आहे, आईंना पूजेची फुलं, घरात सगळ्यांना ताजी भाजी. एक कंत्राटदार म्हणतो, आठ दिवसांत बाग उभी करून देतो. त्याला हो म्हणावं का? आणि नाही म्हटलं तर सुरुवात कुठून करावी?

हो म्हणू नका. मी सव्वीस वर्षं बागा करते आहे आणि त्यातल्या निम्म्या बागा आधी दुसऱ्या कुणीतरी अशा आठ दिवसांत उभ्या केलेल्याच होत्या. दोन वर्षांनी मला बोलावणं येतं तेव्हा चित्र ठरलेलं असतं. मुरुमावर सहा इंच लाल माती पसरलेली, तिच्यावर गालिच्यासारखं लॉन अंथरलेलं, कडेने ड्युरांटा आणि चार पाम. पहिल्या पावसाळ्यात ते देखणं दिसतं, दुसऱ्या उन्हाळ्यात लॉनला टकलं पडतात आणि पामची पानं टोकांपासून करपत येतात. खणून पाहिलं की मुळं सहा इंचांवर आडवी वळलेली दिसतात, कारण खाली जायला वाटच नसते. तोवर पैसे संपलेले असतात आणि मालकांची अशी समजूत झालेली असते की आपल्या हाताला झाडं लागत नाहीत. हाताचा काही दोष नसतो. काम उलट्या बाजूने सुरू झालेलं असतं, एवढंच.

आता फेब्रुवारी चालू आहे, ही वेळ उत्तम आहे. जूनपर्यंत एकही रोप विकत आणू नका. येत्या चार महिन्यांत ऊन, पाणी आणि माती या तिघांकडे बघायचं, आणि पहिला पावसाळा बराचसा मातीला द्यायचा.

उन्हापासून सुरू करू. तुम्ही पाठवलेल्या मापांनुसार प्लॉट पूर्व-पश्चिम ८० फूट आणि दक्षिण-उत्तर ५४ फूट. घर ४० बाय ३२. पुढे, म्हणजे पूर्वेला, २५ फूट मोकळे, मागे १५, दक्षिणेला ८ आणि उत्तरेला १४. पुण्यात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. म्हणजे दहा फुटांच्या भिंतीची सावली उत्तरेकडे नऊ फूट पडते. तुमचं घर कठड्यासकट चौदा फूट धरलं तर सावली साडेबारा फूट. उत्तरेची सगळी पट्टी हिवाळाभर जवळपास सावलीत राहणार. तिथे मेथी-टोमॅटो लावलेत तर नुसते उंच, पोपटी काड्यांसारखे वाढतील.

पण हीच पट्टी मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत उन्हात येते, कारण त्या काळात पुण्यात सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. (शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे १३-१४ मेच्या आसपास येतो, तो या प्रवासातला पहिला टप्पा.) आता हळदीचं वेळापत्रक आठवा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कंद लावायचे, पावसाळ्यात पानं माजतात, थंडीत पिवळी पडतात, जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. घराच्या उत्तरेच्या उन्हाचं वेळापत्रकही हेच आहे. म्हणून तुमची उत्तरेची पट्टी हळद, आलं आणि अळूची. सोबत अनंत, ओवा, नेचे, आणि भिंतीलगत बसायला एक बाक. एप्रिलच्या संध्याकाळी घरातली सगळी माणसं तिथेच येऊन बसतील.

भाजीची जागा सांगते, ती कदाचित पटणार नाही. पुढच्या अंगणाचा आग्नेय कोपरा. भाजी नेहमी घरामागे, अशी आपली सवय आहे. पुढे शोभेची झाडं, मागे परसबाग. जुन्या वाड्यांत परस मोठं, मोकळं आणि उन्हाचं असायचं, तिथे ते बरोबर होतं. तुमच्या मागच्या १५ फुटांत सकाळभर घराची सावली असते आणि दुपारी दोननंतर भाजून काढणारं पश्चिमेचं ऊन. भाजीला उलट हवं: सकाळचं ऊन, किमान पाच-सहा तास. दक्षिणेच्या ८ फुटांत ऊन आहे, पण पाच फुटी कंपाउंडची सावली हिवाळ्यात त्यातले साडेचार फूट खाते, आणि उरलेली जागा घराच्या पायाला लागून आहे, जिथे रोज पाणी घालणं घरासाठी वाईट. ती पट्टी वाळवणाला आणि सायकलींना ठेवा. पुढे आग्नेयेला साडेतीन फूट रुंद आणि बारा फूट लांब असे चार वाफे बसतात. रुंदी साडेतीनपेक्षा वाढवू नका, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. लाल माठ, पालक, मुळ्याची पानं आणि कडेला झेंडू असा वाफा फाटकातून आत येणाऱ्याला काय सुंदर दिसतो, ते पुढच्या हिवाळ्यात बघाल.

हे सगळं माझ्या शब्दावर घेऊ नका. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीची कड फक्कीने आखा आणि फोटो काढून ठेवा. महिन्यातून एकदा, जूनपर्यंत. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर तिथे उद्या दोन मजले उठणार आहेत असं धरूनच चाला.

आता पाणी. बागेचा आकार पाण्यावरून ठरवा, जागेवरून ठरवू नका. लॉनला उन्हाळ्यात चौरस मीटरमागे दिवसाला पाचेक लिटर लागतात. तुमच्या मनातलं ६०० चौरस फुटांचं लॉन म्हणजे ५६ चौरस मीटर, म्हणजे रोज २८० लिटर, तेही ज्या दिवसांत तुम्ही टँकर मागवणार त्याच दिवसांत. नारळाला उन्हाळ्यात रोज ४०-५० लिटर. आपल्या कोरड्या पठारी हवेत आणि जड पाण्यावर तो जगतो, पण कोकणातल्यासारखा लागत नाही, आणि चौदा-पंधरा फुटांच्या बोळात वाळलेली झावळी कधी कुणाच्या डोक्यावर येईल सांगता येत नाही. नारळ माझ्या मते सोडा. लॉन नातवंडांना लोळायला हवं असेल तर दीडशे चौरस फुटांचं करा, पुढच्या दारासमोर, सकाळच्या उन्हात. त्याला रोज सत्तर लिटर पुरतात. साधी हरळी लावा. महागडं बारीक पात्याचं गवत मऊ असतं, पण उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं की रुसतं. हरळी पिवळी पडते आणि पहिल्या सरीला परत येते. शिवाय गणपतीत दूर्वा घरच्या.

दुसऱ्या बाजूला हेही बघा की तुमच्या १२८० चौरस फुटांच्या गच्चीवर, पुण्याचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर, गळती-बाष्पीभवन वजा जाऊन वर्षाला पासष्ट हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. ते आत्ता पाइपांतून थेट रस्त्यावर जातंय. पहिल्या एक-दोन पावसांचं धुवण सोडून बाकीचं गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात उतरवा. खड्डा घराच्या पायापासून आणि सेप्टिक टँकपासून दहा फूट तरी लांब हवा. हे काम बागेच्या आधी, कारण त्यासाठी सगळं अंगण उकरावं लागतं.

पाण्याचं आणखी एक. जड पाण्यासाठी घरात सॉफ्टनर बसवला असेल तर बागेची लाइन त्याच्या आधीच काढून घ्या. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, आणि सोडियमने मातीची घडण मोडते. वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. आरओचं वाया जाणारं पाणीही कुंड्यांना घालू नका, त्यात बोअरपेक्षा जास्त क्षार असतात, ते अंगण धुवायला वापरा. भांडी विसळलेलं पाणी मात्र सोनं आहे. मोरीच्या पाण्यावर केळ, कर्दळ आणि अळू ही जुनी रीत आहे आणि ती आजही चालते. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराबाहेर, साधी जाळी आणि गाळाची कुंडी करून ते पाणी दोन केळींना द्या. कपड्यांच्या पावडरचं पाणी त्यात येऊ देऊ नका.

मातीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. एका नव्या बंगल्यात मी मोगऱ्याची चौदा रोपं एका ओळीत लावली. दहा रोपं झकास. मधली चार महिन्याभरात पिवळी पडली. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मी शेणखत घातलं, मग युरिया दिला, मग हिराकशीची (लोहाच्या क्षाराची) फवारणी केली. फवारणीने पंधरा दिवस हिरवी व्हायची आणि पुन्हा तेच. वर्षभर त्या चार रोपांच्या मागे होते. शेवटी एक उपटलं आणि खाली पहार मारली तर खण्ण आवाज आला. एक फुटाखाली सिमेंटचा पातळ थर होता, ताटासारखा. बांधकाम चालू असताना गवंडी तिथे माल कालवत असत. चुना-सिमेंटने मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप) चढतो, मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. तो थर फोडून बाहेर काढला, माती बदलली, पुढच्या चैत्रात ती चार रोपं ओळीतल्या बाकीच्यांच्या बरोबरीला आली. तेव्हापासून मी नव्या घरी गेले की पहिला प्रश्न हाच विचारते: माल कुठे कालवला होता? तुमच्या गवंड्याला आजच फोन करून विचारा. सहा महिन्यांनी त्यालाही आठवणार नाही.

मग पहार घेऊन सगळ्या मोकळ्या जागेत पाच-पाच फुटांवर ठोकून बघा. जिथे ती आठ-दहा इंच सहज जाते ती जागा बरी. जिथे उसळी मारते तिथे राडारोडा, सिमेंट किंवा ट्रकच्या चाकांखाली दडपलेला मुरूम. प्रत्येक ठिकाणची मूठभर माती घेऊन तिच्यावर लिंबू पिळा. फसफसली तर चुना आहे. थोडी फसफस आपल्या काळ्या मातीतही होते, तिच्यात चुनखडी असतेच. पण भांड्यातल्या सोड्यासारखी फेसाळली तर ती माती काढा. त्याशिवाय काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाला बसते ती रेती, दोन-तीन तासांत बसतो तो पोयटा, दुसऱ्या दिवशीपर्यंत वर गढूळ राहते ती चिकण माती. कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या, तिथला सामू आणि क्षारतेचा आकडा या घरगुती खटाटोपाला पक्का आधार देतो.

काढलेला राडारोडा फेकायला पैसे देऊ नका, तो बागेतल्या वाटांच्या भरावात जाईल. मुरुमाला तर मी वाईट म्हणतच नाही. निचऱ्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वर एक फूट चांगली माती मिळाली की मुरमाड जागेतली बाग निव्वळ काळ्या मातीतल्या बागेपेक्षा सुखात राहते. काळी माती पावसात चिखल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते.

माती किती लागेल? वाफे आणि फुलझाडांच्या पट्ट्या मिळून सव्वाचारशे चौरस फूट, एक फूट खोल, म्हणजे सव्वाचार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). झाडांचे सहा खड्डे तीन बाय तीन बाय तीन फुटांचे, म्हणजे आणखी दीड. एकूण सहा ब्रासच्या आत-बाहेर. लाल माती म्हणून पुण्यात जी ट्रकने येते ती नुसती वापरू नका. ती रंगाने मोहक आणि ओली असताना लोण्यासारखी असते, वाळली की वीट. मळ्याची पोयट्याची माती शोधा आणि ट्रक रिकामा होण्याआधी वर चढून दोन-तीन ठिकाणी हात घालून बघा. हरभऱ्याएवढ्या काळपट, टणक, केसाळ गाठी दिसल्या, फोडल्यावर उग्र वास आला, तर तो लव्हाळा. ती गाडी परत पाठवा, भाडं गेलं तरी चालेल. लव्हाळा एकदा आला की उपटून जात नाही. उपटलेल्या प्रत्येक काडीमागे मातीत गाठ उरते आणि ती पुन्हा फुटते.

शेणखताचंही तसंच. मुठीत दाबलं की भुसभुशीत मोडलं पाहिजे, रंग चहाच्या चोथ्यासारखा, वास पहिल्या पावसाच्या मातीचा. शेणाचा वास येत असेल, ढिगाच्या पोटात हात घातल्यावर गरम लागत असेल, तर कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणी आणि वाळवी येते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी खतात दिसली तर ती हुमणी. एका गाडीतून आलेल्या अळ्या गुलाबांची अख्खी ओळ मुळांपासून खाऊ शकतात. कच्चं खत स्वस्तात मिळालं तर घ्या, पण ओलं करून झाकून तीन-चार महिने कुजू द्या. आत्ता घेतलंत तर जूनला तयार होईल.

एप्रिलमध्ये झाडांचे खड्डे घ्या. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या. महिनाभर ऊन खाऊ द्या. भरण्याआधी प्रत्येक खड्डा पाण्याने काठोकाठ भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर तो खड्डा नाही, हौद आहे. पावसाळ्यात मुळं त्यात बुडून कुजतील. तळ पहारीने फोडा, बाजूंना खाचा मारा. तरीही पाणी हटलं नाही तर तिथे जमिनीवर दीड फुटाचा उंचवटा करून त्यावर झाड लावा. सोनचाफा आणि लिंबू हे दोघं साचलेलं पाणी अजिबात सोसत नाहीत. मेअखेर मातीत दोन-तीन घमेली शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट कालवून खड्डे भरा, जमिनीच्या वर अर्धा फूट शीग ठेवून. पावसाने ती खाली बसते.

कोणती झाडं? आंबा एकच, पुढे ईशान्येच्या अंगाला, कंपाउंडपासून आठ फूट आत. तिथे असला की त्याची हिवाळी सावली उत्तरेकडे जाते, तुमच्या वाफ्यांवर येत नाही. घरातल्या मोठ्यांना ईशान्येला झाड नको असेल तर मागच्या वायव्य कोपऱ्यात घ्या. वाद घालून लावलेल्या झाडाकडे घरात प्रेमाने बघितलं जात नाही. जात केसर. हापूसला कोकणची हवा लागते, इथे तो वाढतो पण फळाला नखरे करतो. कलम बांधलेली जागा मातीच्या वर राहू द्या, तिच्याखालून फुटवा आला की खुडा, तो खालच्या खुंटाचा असतो, वर बांधलेल्या केसरचा नाही. पहिली तीन वर्षं मोहोर काढून टाका. मला माहीत आहे, हे जिवावर येतं. पण चार आंबे खाण्याच्या नादात खुरटलेली कलमं मी पुष्कळ बघितली आहेत. आणि दरवर्षी फळं उतरल्यावर लगेच छाटणी करून बारा फुटांवर ठेवा, नाहीतर तारांपर्यंत जाईल.

मागे पश्चिमेला पेरू आणि कढीपत्ता. दोघं सदाहरित, त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं चारचं ऊन अडतं. पेरू घ्याल तर सरदार. पुण्यातच गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात १९२७ साली निवडलेला वाण, लखनौ-४९ म्हणतात तोच. नैऋत्य कोपऱ्यात सीताफळ. पुरंदर तुमच्यापासून लांब नाही, तिथल्या उघड्या टेकड्यांवर सीताफळ ज्या परिस्थितीत फळतं ती बघितलीत तर नारळाचं दुःख विसराल. लिंबू एक, वाफ्यांच्या पलीकडे. त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी येईल, ती फुलपाखराची. झाड मोठं झाल्यावर तिला थोडी पानं खाऊ द्या.

शेवगा घराजवळ नको. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, अंगाला लागले की खाज, आणि फांदी वाऱ्याने काडकन मोडते. वड-पिंपळ-उंबराच्या जातीचं काहीही, शोभेचा फायकससुद्धा, पायापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस सुचवतील, तो घेऊ नका. मुळं पाइपांत शिरतात, परागाचा त्रास होतो, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आडोसाच हवा तर कामिनी लावा, पावसात फुलली की सगळं घर दरवळतं.

पारिजातक आईंच्या खोलीजवळ, म्हणजे तुमच्या नकाशात पुढे डावीकडे. त्याच्याखाली मात्र वाफा करू नका. फुलं पहाटे जमिनीवर पडतात आणि ती तिथूनच वेचायची असतात, तेव्हा खाली आठ फूट शहाबादी फरशी टाका, किंवा सारवता येईल अशी चोपलेली जमीन ठेवा. आईंना वाकायला त्रास असेल तर फांद्यांखाली संध्याकाळी जुनी सुती साडी अंथरायची, सकाळी चार टोकं उचलली की परडी भरली. पूजेची बाकीची फुलं फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर: तगर, जास्वंद, अबोली, मोगरा. तगर जवळजवळ वर्षभर असते, तिच्यावर भिस्त ठेवा. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण येईल. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून पानांच्या खालून फवारणी, संध्याकाळी. पिवळी कण्हेर लावू नका, बी विषारी असतं आणि घरात लहान मुलं येतात.

वाटा आखायची घाई नको. मार्चपासून तुम्ही फाटक ते दार, दार ते नळ, नळ ते वाळवण असे जसे चालता तशा पायवाटा मुरुमात आपोआप उमटतील. मे महिन्यात त्याच फक्कीने पक्क्या करा, तीन फूट रुंद. आणि फरशी बसवण्याआधी प्रत्येक वाटेखालून दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आडवे पुरून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. पुढे ठिबकची नळी, दिव्याची वायर, काहीही न्यायचं झालं तर फरशी फोडावी लागत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या या तुकड्यांसाठी लोकांनी मला मनापासून धन्यवाद दिले आहेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिले दोन पाऊस चांगले झाले की झाडं लावा. भाजीच्या वाफ्यांत आणि फुलांच्या पट्ट्यांत माती भरून झाल्यावर काहीही न लावता ताग पेरा, हजार चौरस फुटांना अर्धा किलो बी या हिशेबाने. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तो छातीपर्यंत येतो. फुलावर येण्याच्या बेतात असताना कापून, बारीक करून, तिथेच मातीत गाडा. शेजारी विचारतील की अंगणात रान का माजवलंय. माजू द्या. तागाची मुळं मुरमात वाट काढतात, हवेतलं नत्र धरतात, आणि गाडल्यावर महिनाभरात माती हाताला वेगळी लागते. मूठ उघडली की ढेकूळ आपोआप सुटतं. फुलझाडांच्या पट्ट्या ऑगस्टअखेर लावा. हरळीही तेव्हाच. नवरात्राच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरा, टोमॅटो-वांग्याची रोपं लावा.

ठिबक पहिल्या दिवाळीपर्यंत बसवा, पहिल्या उन्हाळ्यात रोपं त्यावरच तगतात. जड पाण्यामुळे तोट्या पांढऱ्या क्षाराने बुजतात, म्हणून गाळणी चांगली घ्या आणि तोट्या उघडून साफ करता येतील अशाच घ्या. झाड वाढेल तशी नळी खोडापासून बाहेर सरकवा. पाणी फांद्यांच्या टोकांखाली पडलं पाहिजे, बुंध्याशी नाही. आणि पालापाचोळा जाळू नका, जाळू देऊ नका. तो कुजवायला विटांच्या दोन जाळीदार टाक्या मागे उभ्या करा, तीन बाय तीन फुटांच्या, एक भरत असताना दुसरी कुजत राहते. उन्हाळ्यात सगळ्या उघड्या मातीवर तीन-चार इंच पाचोळा पसरला की पाणी निम्म्यावर येतं, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

खर्चाचं विचारलं आहे. तुमच्या मनात जो आकडा आहे त्याचे निम्मे पैसे माती, खत, शोषखड्डा आणि पाइपांवर घाला. रोपांवर पाचवा हिस्साही पुरतो, कारण रोपं लहानच घ्यायची. दोन फुटांचं निरोगी कलम आठ फुटांच्या कुंडीतल्या झाडाला तीन वर्षांत गाठतं, कारण मोठ्याची मुळं पिशवीत गोल फिरून अडकलेली असतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं, ते यंदा हुकलं असेल तर पुढच्या वर्षी नक्की जा. पण तिथून घरी येताना हात रिकामे ठेवा, आधी जागा ठरवा आणि मग रोप आणा.

या रविवारी एवढंच करा: गवंड्याला फोन, पहारीने ठोकून पाहणी, आणि तीन ठिकाणच्या मातीच्या तीन बरण्या. बरण्यांचे दुसऱ्या दिवशीचे फोटो आणि लिंबू कुठे कुठे फसफसलं त्याच्या खुणा नकाशावर करून पाठवा. सोनचाफ्याची जागा मी मुद्दाम सांगितलेली नाही, ती ते बघूनच ठरवता येईल.